आमाच्या चुलीपाशी दोन ताटं

शेंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झालो आणि चारच महिन्यांत बायको गेली. मग घर खायला उठायला लागलं. दोन वर्षं मी ओट्यापाशी उभ्या उभ्याच जेवत होतो. एकट्यानं ताट घेऊन बसणं जिवावर यायचं. म्हणून हिमालयातल्या ट्रेकला नाव दिलं. ग्रुपमध्ये पंधराएक माणसं असतील, चार घास कुणासोबत तरी खाऊ, एवढाच लोभ. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, या वयात हे काय खूळ?" मी इरेला पेटून सलग आठ रविवार दौलताबादचा किल्ला चढून दाखवला.

किल्ला वेगळा अन् हिमालय वेगळा, हे तिसऱ्या दिवशी गुडघ्यानं दाखवून दिलं. कुमाऊंच्या डोंगरातलं सात-आठ घरांचं गाव होतं. गाइड म्हणाला, "अंकल, आप यहीं रुको, हम परसों लौटेंगे." मला एका म्हातारीच्या घरी ठेवून सगळे पुढं गेले. लई राग आला. सोबत शोधायला एवढ्या लांब आलो, आणि इथंही एकटाच!

म्हातारीला सगळं गाव आमा म्हणायचं, म्हणजे आजी. लेकरं खाली शहरात, घरात ती आणि गोठ्यात एक म्हैस. संध्याकाळी तिनं चुलीवर मंडुव्याच्या भाकरी टाकल्या. मंडुवा म्हणजे आपली नाचणीच. वर लोण्याचा गोळा, भांगेच्या बियांची आंबट चटणी आणि गहतची डाळ. पहिल्याच घासाला मी ओरडलो, "अरे, हे तर हुलगे!" आमच्याकडं हुलग्याच्या पिठाचं पातळ, कढीसारखं माडगं करतात. बायको गेल्यापासून ते तोंडाला लागलं नव्हतं. डोळे भरून आले. चुलीचा धूर लागल्याचं सोंग केलं.

आमा तव्यावरची गरम भाकरी माझ्या ताटात टाकत राहिली, मी भरभर खात राहिलो. तीन भाकरी चेपल्या, ढेकर दिला आणि हात धुवायला उठलो. जन्मभराची सवय. तिनं तेव्हा कुठं स्वतःचं ताट वाढून घेतलं होतं. तोंडाशी नेलेला घास तिनं खाली ठेवला.

"मैं अकेली खाऊँ?"

त्या घरात शेवटच्या माणसाचं जेवण होईस्तोवर कुणी जागचं हलत नाही, पाहुणासुद्धा नाही. तिनं पाटाकडं बोट दाखवलं. मी ओशाळून खरकट्या हातानं परत बसलो.

आमाला दात नव्हते. एकेक तुकडा डाळीत भिजवायची, सावकाश चघळायची. चटणी आली की डोळे मिटून घ्यायची, मग स्वतःशीच हसायची. मधूनच म्हशीच्या तक्रारी सांगायची. माझा हात वाळून गेला, पण बरं वाटत होतं. मग बायको गेल्याचं मी तिला सांगितलं. तिनं विचारलं, "उसको खाने में क्या अच्छा लगता था?"

 एकतीस वर्षं बायको माझ्या मागून जेवली. मी हात धुऊन टीव्हीपुढं बसायचो, आतून भांड्यांचा आवाज तेवढा यायचा. माडगं मला आवडायचं. तिला काय आवडायचं, ती चटणी खायची का, जेवताना कशी दिसायची, मला काही म्हणता काही सांगता येईना. मी तिला जेवताना कधी पाहिलंच नव्हतं.