मॅडमच्या किचनमधनं जानारी वाट

माझ्या पोरीचे डोळे पांढरे झाले, हातपाय ताठ, अंग तव्यावानी तापलेलं, आन् गल्लीच्या तोंडाला काँक्रिटचा ट्रक चिखलात रुतून आडवा! आमच्या प्लॉटिंगला तोंड येकच. दवाखाना मागल्या घरांच्या पल्याड, पन जायचं म्हंजी पार बायपासला वळसा. रिक्षावाला म्हनला, "ताई, उडून जाऊ का?" मी नुसती किंचाळले. तवा ओट्यावरनं आप्पा उठले, "पोरी, माझ्यामागनं ये."

आप्पा म्हंजी माझे चुलत सासरे, आन् अख्ख्या शिरूरात त्यांच्याइतका हट्टी मानूस घडला न्हाई. हितं समदं रान व्हतं तवा त्यांची बाजाराला जायची पायवाट व्हती. रानाचे प्लॉट पडले, घरं झाली, ह्या गल्लीतनं त्या गल्लीत जायची सोय कुनी ठिवलीच न्हाई. पन आप्पा रोज सकाळी त्याच रेघंवरनं चालनार. वाटंत कामगारांची पत्र्याची खोली आली, तर खोलीतनं. "चाचा, ये हमारा रूम है!" "रूम तुझी हाय बाबा, वाट माझी हाय." फुडं शाळेतल्या मॅडमचा बंगला. म्होरल्या दारानं आत, किचनमधनं बाहीर, पन चपला हातात घिऊन, लोकाचं घर घान करायचं न्हाई म्हनून! मॅडम आधी पोलिसात जानार व्हत्या, मग चहा टाकाया लागल्या. लोक हसायचे. आप्पा म्हनायचे, "वहिवाट हाय. पाय थांबला की वाट मेली."

त्या दुपारी पोरीला छातीशी धरून मी त्यांच्यामागं पळाले. खोलीतल्या जेवत्या मानसांनी ताटं उचलून जागा दिली. आन् मॅडमच्या दारात आप्पा वाकले, चपला काढाया! "आप्पा, ऱ्हाऊ द्या की!" "आगं, फरशी पुसलेली हाय." मॅडमनी आमाला आत वढलं, मागलं दार उघडलं, समोर दवाखाना. डॉक्टर म्हनले, येळेत आनली.

आता आप्पांचे गुडघे गेलेत. बसल्या जागी इचारत्यात, "गेलतीस का गं?" मी रोज जाते, पोरीला काखंत घिऊन, ताठ मानेनं.

आज आमच्या ह्यांनी गवंडी आनला. आमच्या अंगनाला भिंत, नेमकी वाटंवर. "आप्पा चालत न्हाईत, आता वाट कशाला?" त्यांचं बी खोटं न्हाई, हितं दारातनं गाड्या चोरीला जात्यात. आप्पा ओट्यावरनं बघत व्हते. गवंड्यानं सुतळी तानली, आन् आमची नुकती पाय टाकाया लागलेली पोरगी तिच्याखालनं वाकून पल्याड निघाली, पायातल्या पी-पी वाजनाऱ्या सँडली हातात घिऊन.

"वयनी, इटा लावू का?" गवंडी इचारतोय. तुमी काय केलं असतं?