फळ्यावरच्या त्या दोन ओळी

पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरमध्ये, मराठी वाचनालयाबाहेर एक फळा होता. त्यावर रोज सकाळी कालच्या सामन्यांचे निकाल, नळाला पाणी केव्हा येणार ती वेळ आणि देशात जे चालले असेल त्यावर एखादी तिरकस ओळ लिहिलेली असे. लोक सायकल थांबवून वाचत, हसत, वाद घालत आणि कामावर जात. लिहिणारा माझा शेजारी. भंडाऱ्याकडचा माणूस, रोलिंग मिलमध्ये कामाला, अक्षर छापल्यासारखे.

त्याला सकाळी सहाची पाळी असली की फळा मी लिहीत असे. मी टाईम ऑफिसात, म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या कचेरीत, बाबू; माझे काम उशिरा सुरू होई. फळ्यावर हात एकच दिसला पाहिजे, नाहीतर लोकांचा भरवसा राहत नाही, असे त्याचे म्हणणे. म्हणून मी त्याच्या अक्षराची नक्कल शिकलो होतो. हे आम्हा दोघांशिवाय कोणालाच माहीत नव्हते.

आणीबाणी लागली आणि त्याने तिरकस ओळ बंद केली.

"आता फक्त हॉकी अन् पाणी, बाबूजी," तो म्हणाला. "घरी लहान पोरगी आहे मले."

शहाणपणाचे होते ते. पण फळ्यापाशी कोणी थांबेनासे झाले आणि मला ते खुपू लागले. वाचणाऱ्यांचे हसू त्याच्या नावावर जमा होत असले तरी त्यातले थोडे माझे होते. एका बुधवारी सकाळी, हातात खडू असताना, मी लिहून गेलो: 'देशात सगळे वेळेवर चालले आहे असे रेडिओ सांगतो. आमच्या गल्लीचा नळ रेडिओ ऐकत नाही.'

दुपारी पाळी सुटल्यावर वाचनालयाकडे जाऊन तो परत माझ्या टेबलाशी आला. घामेजलेला, हेल्मेट काखेत.

"कावून लिहिलं हे?" तो हळूच म्हणाला. "पुसून टाकलं म्या. पण सकाळपासून लोकं वाचून राहिले होते." मग त्याला हसू आले. "ओळ मात्र झकास जमली हो."

शुक्रवारी टाईम ऑफिसात चौकशीला दोन साहेब आले. कोणीतरी त्या ओळी कागदावर उतरवून पोचवल्या होत्या.

"ये लिखावट किसकी है, बाबू?"

"सबको मालूम है, साहब," मी म्हणालो. नाव घेतले नाही. घ्यायची गरजच नव्हती.

"बुधवार सुबह वो ड्यूटी पे था?"

इथे आमच्याकडची एक पद्धत सांगितली पाहिजे. कागदोपत्री त्या आठवड्यात त्याची दुपारची पाळी होती. पण बुधवारी एका सोबत्याला बायकोला दवाखान्यात न्यायचे होते, म्हणून दोघांनी पाळ्या बदलल्या. अशा वेळी दोघे एकमेकांचे कार्ड पंच करत, फोरमनच्या सहीची चिठ्ठी माझ्याकडे येई आणि शनिवारी ती बघून मी हजेरीपुस्तक दुरुस्त करत असे. नियमात हे बसत नव्हते, पण सगळीकडे असेच चाले. म्हणजे शुक्रवारी पुस्तकात तो बुधवारी सकाळी मोकळा होता. खरे सांगणारी चिठ्ठी माझ्या ड्रॉवरमध्ये, गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती.

ती काढली असती तर तो सुटला असता. आणि पुढचा प्रश्न आला असता, की मग त्याच्यासारखे लिहिणारा दुसरा कोण?

मी पुस्तक उघडले आणि त्यांच्याकडे फिरवले. तोंडाने काहीच बोललो नाही. खोटे बोललो नाही, असे मी पुढे कितीतरी वर्षे स्वतःला सांगत राहिलो.

संध्याकाळी चिठ्ठी खिशातून घरी आणली आणि पेटलेल्या सिगडीत टाकली. बायकोने विचारले, "काय जाळून राहिले?" म्हटले, जुना कागद आहे.

दुसऱ्या दिवशी त्याला न्यायला गाडी आली तेव्हा अख्खी गल्ली दारे लावून बसली होती. तो माझ्या कुंपणाशी आला. मागे शिपाई उभा होता.

"बाबूजी, तुमचं नाव मी घेत नाही. फक्त ते चिठ्ठी दाखवा. मी मिलमध्ये होतो, एवढंच."

"सापडत नाही," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिले. त्याला कळले असावे. पण त्याने आवाज चढवला नाही. चौकशीची कुणकुण लागताच तो बाकी दोघांकडे जाऊन आला होता. फोरमन म्हणाला होता, चिठ्ठी आणा, मग सांगतो. सोबती म्हणाला, मला आठवत नाही. दुसऱ्याचे कार्ड पंच केल्याचे कबूल करून नोकरी कोण घालवणार? आम्ही तिघे वेगवेगळे घाबरलो आणि त्याचा एकच परिणाम झाला.

काही आठवडे तो आत होता. मला जेवण जाईना. गल्लीत जीप वळली की मी उठून मागच्या दाराशी जाई. आज त्याने सांगितले असेल, आज मला नेतील. त्याने कधीच सांगितले नाही. सुटल्यावर त्याला कारखान्याने दूर राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणीवर पाठवले आणि त्याचे क्वार्टर रिकामे झाले.

आणीबाणी उठल्यावर त्याच वाचनालयात त्याचा सत्कार झाला. हार घातल्यावर तो म्हणाला, "फळा त्या दिवशी म्या नाही लिहिला." लोक हसले. कोणीतरी ओरडले, "विनय पाहा गड्याचा!" टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, कारण हात मांडीवर ठेवून बसलो असतो तर कोणी पाहिले असते.

नोकरी संपल्यावर तो आमच्या जवळच जुनवानीला राहायला आला. कुम्हारीच्या कबड्डीच्या सामन्यांना आम्ही कधीकधी शेजारी बसत असू. तो चढाईवर बोलायचा, पकडीवर बोलायचा. एकदा मी विचारले, या खेपेला भोपाळात कोणाचे सरकार येईल? "ते तुमीच सांगा," तो म्हणाला आणि मैदानाकडे वळला. नळ, रस्ते, मंत्री यांवर तासभर बोलणारा हा माणूस माझ्यासमोर उरलेल्या आयुष्यात फक्त खेळावर बोलला.

गेल्या वर्षी तो वारला. तेव्हाची लहान पोरगी आता रेल्वेत नोकरीला आहे. वडिलांच्या आठवणींचे पुस्तक ती काढते आहे. "काका, त्या दोन ओळी पहिल्या पानावर टाकतो," ती म्हणाली, "अन् त्यांच्यावर तुमीच लिहा. तुमच्याएवढं बाबांना कोण ओळखते?"

हे मी तिच्यासाठी लिहिले आहे. तिच्या वडिलांनी त्या ओळी लिहिल्या नव्हत्या. त्या वेळी ते मिलमध्ये होते. रविवारी ती हे कागद न्यायला येणार आहे, आणि मी आतापासूनच फाटकाच्या आवाजाकडे कान लावून बसलो आहे.