जावईबापूंचा सवतीमत्सर

सवतीमत्सर फक्त बायकांनाच होतो असं ज्याला वाटतं, त्याने आमच्या जावईबापूंना बघायला हवं होतं. त्यांच्या घरात सवत आली ती खोक्यातून, थर्मोकोलमध्ये बसून, आणि आणली कोणी, तर माझ्या सख्ख्या लेकीने.

मी राहतो त्यांच्याचकडे, तेव्हा आधी माणूस सांगतो. जावईबापू कॉम्प्युटर जोडतात. सुटे भाग आणायचे, डब्यात बसवायचे, वायरी खोचायच्या आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, बघा आता कसा पळतो. काम चोख. औषधवाल्याचा, झेरॉक्सवाल्याचा, शाळेच्या ऑफिसातला, सगळे त्यांच्याच हातचे. फक्त डब्याला झाकण लावायचा त्यांना भारी कंटाळा. परत उघडायचंच आहे तर लावायचं कशाला, म्हणतात. म्हणून गल्लीत त्यांचं नाव पडलं बिनझाकण. तोंडावर हाक मारतात आणि तेही खुशाल ओ देतात.

माझी लेक चादरी-पडद्यांच्या कापडावर छापायची नक्षी काढते, तीही कॉम्प्युटरवर. काम दिसतं तेवढं सोपं नाही. वेलीचा एक चौकोन काढायचा, आणि तो शेजारी शेजारी मांडला की एकाचं टोक दुसऱ्यात असं शिरलं पाहिजे की सांधा कुठे आहे हे गिरणीच्या मालकालाही सापडू नये. तिचा कॉम्प्युटर अर्थातच नवऱ्याने जोडलेला. जोडला तेव्हा उत्तमच होता हो. पण घरातलाच म्हणून कोणाचं काही अडलं की आधी त्याचं पोट रिकामं व्हायचं. औषधवाल्याची रॅम गेली, काढ इथली. शाळेतला पंखा जळला, ने इथला. उद्या आणून बसवतो, हे ठरलेलं उत्तर. चालू करायचं बटण तर कधीच कोणाकडे तरी गेलं होतं. लेक चमच्याच्या दांड्याने आतल्या दोन पिना एकमेकींना टेकवायची, तेव्हा तो जागा व्हायचा. शेजारी टेबलफॅन लावलेला असे, तो तिच्यासाठी नव्हता, त्याच्यासाठी होता.

यंदा गिरणीने तिला पूर्ण हंगामाचं काम देऊ केलं, पण आधी नमुने मागितले. नमुने वेळेत गेले तर काम तिचं, नाहीतर दुसऱ्या कोणाचं. आणि नेमका या कॉम्प्युटरने वेल अर्धी झाली की मान टाकायचा धडाका लावला. तिसऱ्यांदा वेल पुसली गेली तेव्हा तिने चमचा धुऊन स्वयंपाकघरात ठेवला, चपला घातल्या आणि काचेच्या दाराच्या दुकानातून तयार कॉम्प्युटर घेऊन आली. म्हणजे विकत नाही, बघायला. दुकानदार इस्त्रीच्या शर्टात स्वतः पोचवायला आला. म्हणाला, मॅडम, आठ दिवस वापरा, नाही पटला तर परत न्यायला मी येतो. फक्त मागचं हे सील फाडू नका. ते फाटलं की माल तुमचा झाला, आणि मग आमची गॅरंटीही नाही. हे सांगताना तो जावईबापूंकडेच बघत होता. त्यांची ख्याती दुकानापर्यंत पोचली असणार.

तो गेल्यावर लेक नवऱ्याला म्हणाली, "अहो, यातलं मला कळत नाही, तुम्हाला कळतं. घ्यायचा का नाही ते तुम्ही सांगा. नको म्हणालात तर परत करीन."

आता बघा, असा निकाल देणं किती सोपं. नको म्हणायचं, संपलं. तिने विश्वास ठेवला असता. पण जावईबापूंना नको म्हणायला कारण हवं होतं, खरं कारण, आणि ते काही मिळेना. कॉम्प्युटर एका बोटात चालू व्हायचा. आवाज नाही. वेल पहिल्याच दुपारी पुरी झाली. लेकीने उरलेल्या कापडाचं त्याला कव्हर शिवलं, झालर लावून! जावईबापू कव्हरकडे बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, बाबा, माझ्या मशीनला तिने इतक्या वर्षांत फडकं टाकलं नाही. मी म्हटलं, जावईबापू, ज्याला झाकण नाही त्याला कव्हर कुठून घालणार? त्यांना हसू आलं नाही.

मग टोमणे सुरू झाले. सकाळी विचारायचे, "तुझा पाहुणा उठला का?" ती रंग भरताना गुणगुणायची, तर हे दारातून म्हणायचे, आमच्या मशीनसमोर कधी गळा उघडला नाही तो. ती म्हणायची, त्याच्यासमोर देवाचा धावा चालायचा, गाणं कुठून सुचणार. दिवसातून दहा वेळा हे कारण काढून त्या खोलीत जायचे. हाताने डबा तापलाय का बघायचे. तापलेला नसला की तोंड पाडून परत यायचे.

आमच्या गावच्या शाळेतले गुरुजी मला तेव्हा आठवले. ते अंगणातल्या खांबाची सावली बघून घंटा द्यायचे, सारं गाव त्यांना वेळ विचारायचं. मग शाळेत भिंतीवरचं घड्याळ आलं, आणि पोरं गुरुजींना सोडून घड्याळाकडे बघायला लागली. गुरुजी महिनाभर म्हणत राहिले, हे पुढे आहे. शिकवायचे तेही घड्याळाकडे पाठ करून. फळा त्याच भिंतीवर होता, त्यामुळे लिहायची वेळ आली की मोठी पंचाईत व्हायची. पाढे तेवढे आमचे तोंडी पक्के झाले!

तर, आठवडा संपत आला तेव्हा लेक नमुने घेऊन गिरणीत गेली. घरात आम्ही दोघं. जावईबापूंनी कव्हर काढून घडी घातली, बॅटरी आणली, आणि मागच्या जाळीतून प्रकाश टाकून, डॉक्टर घसा बघतात तसे एक डोळा मिटून आत बघायला लागले. मला म्हणाले, नुसतं बघतोय. मी म्हटलं, बघा की. मग त्यांनी डबा उजेडाकडे वळवला. मग आडवा केला. आणि मग म्हणाले, बाबा, तुम्ही जरा गॅलरीत बसता का? मी गॅलरीत गेलो, पण खुर्ची खोलीकडे तोंड करून ठेवली. एवढी करमणूक कोण सोडतो?

सील फाटल्याचा आवाज काही मोठा नव्हता. झाकण निघालं. जावईबापू वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. राहवेना म्हणून मी उठून आत गेलो.

आत सगळ्या वायरी एका ओळीत, कडेकडेने नेऊन, जागोजाग पट्ट्यांनी बांधलेल्या. एकही लोंबत नव्हती. पट्ट्यांची टोकंसुद्धा एकसारखी कापलेली. मला त्यातलं काय कळतंय, पण माझ्या लेकीच्या वेलीसारखंच दिसलं मला ते, सांधा न दिसणारं.

जावईबापू हळूच म्हणाले, "बाबा, हे कोणीतरी बसून बांधलंय."

इतके दिवस त्यांचं भांडण एका डब्याशी होतं. आता त्यात माणूस निघाला. नाव नाही, गाव नाही, पण हात दिसत होता. त्यांचा चेहरा असा झाला, जसे आपल्याच घरात दुसऱ्याचे जोडे काढलेले दिसावेत. मग त्यांनी चष्मा पुसला आणि उणं शोधायला घेतलं, आणि सापडलंही. रॅमच्या दोन जागा, पट्टी मात्र एकच घातलेली. वीज पुरवणारा डबा अशा वेगळ्याच मापाचा की उद्या जळला तर बाजारात जोडीचा मिळायचा नाही. वराच्या तोंडात खोटा दात सापडावा तसा त्यांना आनंद झाला. मला दोन्ही गोष्टी दोनदा दाखवल्या.

इतक्यात लेक आली. टेबलावर उघडा डबा, हातात स्क्रू ड्रायव्हर, आणि फाटलेलं सील जावईबापूंच्या अंगठ्याला चिकटलेलं. तिने पिशवी खाली ठेवली.

"काय निघालं?" तिने विचारलं.

जावईबापूंनी रॅम सांगितली, विजेचा डबा सांगितला, आणि कंपन्या कशा नेमकं न दिसणाऱ्या जागी हात आखडतात यावर छान बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "औषधवाल्याने विचारलं असतं, तर त्याला काय सांगितलं असतं?"

जावईबापूंनी मान खाली घालून एक स्क्रू उचलला, परत ठेवला.

"त्याला म्हणालो असतो, अजून एक रॅमची पट्टी टाका आणि घ्या."

"आणि मला?"

"तुला तेच." मग स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून, "घे. चांगला आहे."

हे तीन शब्द बाहेर पडताना मी बघितलं आहे. दाढ काढताना माणूस इतका कळवळत नाही.

ती म्हणाली, "सील फाडायच्या आधी म्हणाला असतात, तर गॅरंटी तरी राहिली असती."

"गॅरंटीचं काय घेऊन बसलीस," जावईबापूंचा आवाज एकदम फुलला. "दुकानाचा माणूस कशाला लागतो? मी आहे ना. याला आता माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही."

लेकीने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. गिरणीने नमुने ठेवून घेतले होते, हंगामाचं काम तिला मिळालं होतं, हे तिने त्यानंतर सांगितलं. जावईबापू मनापासून खूश झाले, आणि लगेच विचारलं की मालकाने मशीनचं काही विचारलं का. नाही म्हटल्यावर आणखी खूश झाले.

आता ते बाजारातून वायरी बांधायच्या पट्ट्यांची पाकिटं आणतात. गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर जोडला की वायरी कडेने नेतात, बांधतात, टोकं कापतात, आणि मला हाक मारतात. "बाबा, बघा बरं. त्याच्यापेक्षा चांगलं झालं का नाही?" तो, म्हणजे कुठल्याशा कारखान्यात बसलेला तो माणूस, ज्याला आपला असा एक वैरी आहे याचा पत्ताही नाही.

काल मी चष्मा लावून, वाकून, नीट बघितलं आणि म्हटलं, जवळपास आलात.

कालपासून जावईबापू माझ्याशी बोललेले नाहीत.