भिंगरीचं विमान

क्लिनिकमधली पोरं तिला वायरवाली मावशी म्हणायची. पोरांच्या डोक्याला चिकट मलम लावून वायरी डकवायच्या आणि समोरच्या पडद्यावर विमान सुरू करायचं, हे तिचं काम. पोरगं लक्ष लावून बसलं की विमान वर जातं, मन भटकलं की खाली येतं. असं करत करत मेंदूला वळण लागतं, असं डॉक्टरीणबाई सांगायच्या.

मावशीची लेक भिंगरी. नाव वेगळं होतं, पण एका जागी ठरेल तर शपथ! शाळेने तिला वांड ठरवलं, डॉक्टरीणबाईंनी एडीएचडी म्हटलं, म्हणजे लक्ष न टिकण्याचा, सतत चुळबुळीचा आजार. गोळीने ती थाऱ्यावर यायची, पण अन्नावरची वासनाच उडायची. पोरीची पार काडी झाली. मग मावशी काम आटोपल्यावर तिलाही खुर्चीत बसवू लागली आणि कुणाला न विचारता तिने गोळी बंद केली.

"आई, बघ, ढगांच्या वर!"

"बघितलं गं. तोंड मिट, नाहीतर आपटशील."

पोरगी जेवू लागली, गाल भरले. शाळेच्या तक्रारी थांबल्या नाहीत, पण मावशी येईल त्या आईला सांगायची, "माझ्याच घरात बघा की!"

एकदा भिंगरीला उतरवताना तिला दिसलं, वायरींचं टोक यंत्रात खोचलंच नव्हतं. पडद्यावर आधीच्या मुलाचं रेकॉर्डिंगच चालू होतं, ते बंद करायचं ती विसरली होती. विमान दुसऱ्याच कुणाच्या डोक्याने उडत होतं, आणि भिंगरी मात्र रोजच्यासारखीच खिळून बसली होती.

"आज सगळ्यात भारी उडवलं ना मी?"

"हो," मावशी म्हणाली. ती मलम पुसू लागली. गोळी सुरू करायला हवी, हे कळत होतं. पण समोर ते भरलेले गाल होते. उद्या बघू, असं तिने मनाला समजावलं.

दुसऱ्या दिवशी तिने भिंगरीला दुधापाशी उभं केलं आणि कपडे वाळत घालायला गेली. भिंगरीचं लक्ष खिडकीतल्या पाखरावर गेलं. दूध उतू जाऊ लागलं तशी ती दचकली आणि तापलेलं पातेलं तिने दोन्ही हातांनी धरलं.

"गोळी कधी बंद केलीस?" क्लिनिकमध्ये भिंगरीचे भाजलेले हात बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "अगं, खोटं विमान दाखवलं तरी पोरांमध्ये जवळजवळ तेवढाच फरक दिसतो, असं अभ्यासात निघालंय. हे गोळीच्या बदल्यात नाही."

"मग लावतो कशाला आपण?"

डॉक्टरीणबाई चष्मा पुसत राहिल्या. "काहींना बरं वाटतं. आणि आया मागतात."

बाहेर एक नवी आई बसली होती. "ताई, फरक पडतो ना हो? म्हणजे गोळी थांबवता येईल."

कोपऱ्यातल्या बाकावर भिंगरी पाय हलवत होती, दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळलेले.

"थांबवू नका," मावशी म्हणाली. "माझ्याच घरात बघा."