पोचल्याचा फोन

आधीच सांगून टाकते, मी शनिवारी नखं कापणारी बाई आहे. मांजर आडवं गेलं तर त्याला वाट देते आणि पुढे जाते. लिंबू-मिरची माझ्या घरात फक्त स्वयंपाकघरात असते. या ग्रुपवर मी बरेच दिवस मुकाट्याने वाचतेय, आणि खरं सांगायचं तर निम्म्या अनुभवांना मनातल्या मनात हसलेही आहे. आता तुम्ही मला हसा, म्हणजे फिटंफाट...

माझं माहेर सोलापूर शहरातलं, सासर उजनीच्या पाण्याकाठी, माढा तालुक्यात. गावाचं नाव देत नाही, कारण गावात होमस्टे आमचा एकच आहे आणि लोक लगेच ओळखतील. एका बाजूला केळीची बाग, दुसऱ्या बाजूला बॅकवॉटर, आणि उंचवट्यावर दोन खोल्या, पुढे लांब व्हरांडा. हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्या मागे पुण्या-हैदराबादचे कॅमेरेवाले. त्यांना होडीतून फिरवायचं काम माझ्या नवऱ्याचं, संजयचं. भाकरी, शेंगाची चटणी, चिलापी माशाचं कालवण, आणि बुकिंगच्या ॲपवर लोक जे रिव्ह्यू टाकतात त्यांना उत्तरं देणं, हे खातं माझं.

या खोल्या बांधल्या माझ्या सासऱ्यांनी. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून त्यांनी हे बांधून घेतलं. "जलमभर लोकास्नी पोचीवलं," म्हणायचे, "आता जरा हितं बसवून घेतो."

खोल्या झाडायचं काम त्यांनी कुणाला दिलं नाही. पण त्यांचा एक कायदा होता. पाहुणा निघाला की त्याच्याकडून वचन घ्यायचे, "पोचल्याचा फोन टाका बरं का." मग व्हरांड्याच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे, झाडू भिंतीला टेकवलेला, फोन खिशात. तो फोन आल्याशिवाय खोलीत केर काढायचा नाही.

आता, माणूस बाहेर पडल्यावर मागून केर काढू नये हे माझ्या आईनेही मला शिकवलंय. पण आईची मुदत रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत. अण्णांची मुदत माणूस स्वतःच्या उंबऱ्यात पाय ठेवेपर्यंत! मी वैतागायचे. "अण्णा, ते हैदराबादला चाललेत. पोचायला रात्र होईल. नवे पाहुणे दारात बॅगा घेऊन उभे आहेत."

"मग त्यास्नी दुसरी खोली दे की. दोन कशापायी बांदल्यात?"

"आणि दुसरीतले पण आजच गेलेत, ते?"

"तर मग च्या दे. लई शाणी हायेस, पर तुला कळत न्हाय. मागनं झाडलं की त्याची वाट झाडल्यागत होतंय. मानूस मधीच ऱ्हातो."

मी चहा ठेवायचे. भांडायला असा सासरा मिळायला भाग्य लागतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

दोन वर्षांपूर्वी अण्णा त्याच खुर्चीत, दुपारची डुलकी घेता घेता गेले. त्यांना नेलं आणि बायकांनी मागून लगेच घर झाडून-धुऊन घेतलं. रीतच आहे ती. मला मात्र त्या झाडूचा आवाज ऐकवेना, म्हणून मी मागच्या अंगणात जाऊन बसले.

त्यानंतर खोल्या माझ्याकडे आल्या. मी शिस्त लावली. सकाळी चेक-आउट, लगेच झाडणं-पुसणं, स्वच्छ खोलीचा फोटो काढून ठेवायचा, दुपारी चेक-इन. काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग पहिला रिव्ह्यू आला. "लोकेशन छान. पण खोली झाडलेली नव्हती. आधीच्या गेस्टच्या पावलांचे ठसे तसेच." दोन स्टार, वर फोटो.

माझ्या मनातलं उत्तर होतं, "बाईसाहेब, चष्म्याची काच पुसा." टाकलेलं उत्तर होतं, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. यापुढे विशेष काळजी घेऊ." असली दोन-दोन उत्तरं मी नेहमीच तयार करते. पण मग मी तो फोटो मोठा करून पाहिला... फरशीवर बारीक करडी धूळ, धुळीत एका लहान मुलाची पावलं, आणि पलंगाभोवती चाकांच्या दोन रेघा. त्याच सकाळी निघालेल्या कुटुंबातला छोटा मुलगा प्लॅस्टिकचा ट्रॅक्टर घेऊन खोलीभर फिरला होता. ती फरशी मी स्वतः पुसली होती. माझ्याकडचा फोटो लख्ख होता.

"अगं, गाळपेराची माती हाय ती," संजय म्हणाला. धरणाचं पाणी ओसरलं की उघडी पडते ती जमीन. "वारं सुटलं की फटीतनं आत येती."

माती वाऱ्याने येईल. ट्रॅक्टर कसा येईल?

मग असे रिव्ह्यू येतच राहिले. प्रत्येक वेळी नाही, मधूनच. मी खिडक्यांच्या फटी बुजवल्या, फिनेल बदललं, झाडल्यावर कुलूप लावून किल्ली कमरेला खोचायला लागले. "दिलगीर आहोत" लिहून लिहून माझी बोटं दुखायला लागली. स्टार घसरले, तसं बुकिंगही घसरलं.

आणि मोठे भाऊजी, म्हणजे संजयचे थोरले भाऊ, ज्यांची केळीची सगळी उलाढाल, ते एक दिवस व्हरांड्यात उभं राहून म्हणाले, "हे बगा, वाईट वाटून घिऊ नका. पर अजून एक असलं काय आलं, तर हितं केळीचं क्रेट लावू. रिकामं ऱ्हाऊन काय उपेग?" अगदी गोडीने म्हणाले हो. म्हणूनच जास्त लागलं. अण्णांची खुर्ची कुठे ठेवणार होते, ते मी विचारलं नाही.

आता त्या दिवसाचं सांगते. थंडी संपत आली होती. अक्कलकोटकडचे एक काका-काकू दोन दिवस राहून सकाळी निघाले. काकांच्या हातात काठी, पण गाडी स्वतःच चालवायचे. माझ्या आईकडे कानडी बोलतात, त्यामुळे काकूंची आणि माझी गट्टी जमली होती. वाटेत खायला मी त्यांना शेंगापोळ्या बांधून दिल्या. दुसऱ्या खोलीत पक्षीवाले पाहुणे होतेच. काकांच्या खोलीत दुपारी ज्या बाई येणार होत्या, त्यांचे जुने रिव्ह्यू मी वाचून काढले होते. त्यांनी आजवर कुठेही तीनच्या वर स्टार दिलेला नव्हता. मोठमोठ्या हॉटेलांनाही नाही.

मी खोली झाडली, पुसली, कुलूप लावलं आणि पीठ मळायला गेले. थोड्या वेळाने नवी चादर घेऊन कुलूप उघडलं.

फरशीवर धूळ. धुळीत पावलांचे दोन जोड, पलंगापासून दारापर्यंत. एका जोडाच्या शेजारी गोल ठिपके... काठीचे.

मी परत झाडलं. सुपली बाहेर ओतून वळले तर ठसे जागेवर! भर दुपारी, खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं. मला भीती वाटायला हवी होती ना? मला राग आला. इतका की रडू फुटलं. "अण्णा!" मी मोठ्याने म्हणाले, "तुमच्याच खोल्या जातील! क्रेट लावणारेत इथे, कळतंय का?"

अण्णांचं नाव का घेतलं, मला माहीत नाही. तोंडातून निघालं. आणि ते निघालं तसं दुसरं मनात आलं — काका-काकू पोचले का?

एव्हाना पोचायला हवे होते. काकांचा फोन बंद. काकूंचा वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. तेव्हा उचलला, आणि आधी नुसतं रडणंच ऐकू आलं.

"अय्यो यव्वा, तू हाईस व्हय... हे गाडीतच कलंडल्यात गं. घामानं भिजल्यात. मला फोन घ्यायला येतंय, लावायला येत न्हाय. आडवाटेला कुटं घातली गाडी काय म्हाईत, दोनीकडं ऊसच ऊस हाय. एक मानूस दिसंना."

"काकू, काकांना शुगर आहे ना? सकाळी काही खाल्लं होतं का त्यांनी?"

"गोळी घेतली. खायाला नको म्हणाले."

"गिळता येतंय का त्यांना? विचारा."

"हूं हूं करत्यात की."

"मग डब्यातली शेंगापोळी काढा. गूळ आहे तिच्यात. थोडी थोडी भरवा. आणि फोन ठेवू नका. बाहेर बघा, काय दिसतंय?"

काकूंना उसाच्या वर कारखान्याचं धुराडं दिसत होतं, आणि जवळच एक पडकी पाण्याची टाकी. एवढ्यावर संजयने रस्ता ओळखला. त्याने मोठ्या भाऊजींना हाक मारली आणि दोघं मोटारसायकलवर सुटले. एकाने काकांची गाडी चालवायची, एकाने मोटारसायकल आणायची. ते पोचेपर्यंत मी काकूंशी कानडी-मराठी जे सुचेल ते बोलत राहिले. त्यांच्या सुना, नातवंडं, भाकरीला कुठली ज्वारी वापरता, काहीही.

याच वेळी त्या तीन-स्टार बाई बॅग घेऊन दारात आल्या. माझ्या हाताला वाळलेलं पीठ, डोळे लाल, कानाला फोन. त्यांनी बॅग खाली ठेवली. माझ्या हातावर पाणी घातलं आणि फोन माझ्या कानाशी धरून उभ्या राहिल्या.

काकांना दवाखान्यात नेलं. साखर फार उतरली होती, पोटात गूळ गेला ते बरं झालं, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी भाऊजी दोघांना परत आमच्याकडेच घेऊन आले, मुलगा दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. मी खोली उघडली. ठसे तसेच होते. काका काठी टेकत त्यांच्यावरूनच आत गेले आणि झोपले.

तीन-स्टार बाई आमच्या मधल्या घरात, माझ्या शेजारी गादी टाकून झोपल्या. पुढे त्यांनी रिव्ह्यू दिला, "बुक केलेली खोली मिळाली नाही. होस्टच्या घरात झोपावं लागलं. जेवण चांगलं." तीन स्टार. हा रिव्ह्यू मी फ्रेम करून लावणार होते, संजयने अडवलं.

दुसऱ्या दिवशी काकांची गाडी निघताना मोठे भाऊजी खिडकीशी वाकले आणि म्हणाले, "काका, पोचल्याचा फोन टाका बरं का." म्हणाले आणि स्वतःच चपापले. माझ्याकडे न बघता बागेकडे चालू लागले. क्रेट आता शेडमध्येच असतात. तो विषय पुन्हा निघाला नाही.

त्या दिवशी मी खुर्चीजवळ खाली बसून राहिले. दुपारी काकूंचा फोन आला. मुलाने शिकवलं, आता लावायलाही येतो म्हणाल्या! मग मी झाडलं. एकदाच. फरशी तशीच लख्ख राहिली.

पुढे धीर करून त्या ट्रॅक्टरवाल्या मुलाच्या आईलाही सहज म्हणून विचारलं. त्या दिवशी त्यांचं टायर फुटलं होतं, घरी जायला बरीच रात्र झाली होती. बाकीच्यांना मी विचारलेलं नाही. जितकं कळलं तितकं पुरे आहे मला.

आता आमच्या ॲपवरच्या पानावर पहिलंच वाक्य आहे, "मागचे पाहुणे घरी पोचल्याशिवाय खोली झाडली जात नाही, चेक-इनला उशीर होऊ शकतो, तोवर चहा आमच्याकडून." थोडे लोक वैतागतात. बरेचसे आपणहून फोन करतात. खोल्यांत परत तसले ठसे दिसले नाहीत.

हे सगळं काय होतं, मला अजूनही सांगता येत नाही. वारा म्हणा, माझ्या डोक्याचा खेळ म्हणा, मी वाद घालणार नाही. पण एक गोष्ट राहिलीय. काका-काकू घरी पोचले त्या दिवशी व्हरांडा झाडता झाडता मी अण्णांच्या खुर्चीपाशी आले, तर खुर्चीपुढे धुळीत दोन पावलं होती. शेजारी शेजारी, बसलेल्या माणसाची असतात तशी. डाव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला. अण्णांचा तो अंगठा एसटीच्या दारात चेंगरला होता, तेव्हापासून वाकडाच होता. मला एकदम तो झाडूचा आवाज आठवला. त्यांना नेलं त्या दिवशी आम्ही मागून लगेच झाडलं होतं. कुणी थांबलंच नव्हतं त्यांच्यासाठी. मी तेवढा कोपरा सोडून बाकीचा व्हरांडा झाडला. अजूनही तसंच करते. संजयला एकदा दाखवलं, तर त्याने माझ्या हातातला झाडू काढून घेऊन खुर्चीमागे भिंतीला टेकवून ठेवला.

गेल्या आठवड्यात रिव्ह्यू आला. "सगळं उत्तम. पण व्हरांड्यातल्या जुन्या खुर्चीखाली कुणी झाडतच नाही. एवढं लक्ष द्यावं." चार स्टार. या वेळी मनातलं आणि टाकायचं अशी दोन उत्तरं मला करावी लागली नाहीत. एकच लिहिलं.

"अभिप्रायाबद्दल आभार. तो कोपरा मुद्दाम तसा ठेवला आहे. आमच्याकडून एक जण निघाले आहेत, त्यांचा पोचल्याचा फोन अजून आलेला नाही."

आणि तुम्हाला म्हणून सांगते... तो फोन येऊच नये असं वाटतं मला.