सगळ्यांची एक फाइल

"हात नको लावू बे! मी पाह्यतो." चहाचा कप हातात घेऊन माझा शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी दुरूनच ओरडत यायचा आणि मला खुर्चीवरून उठवायचा.

खामगावच्या आमच्या ऑफिसात कपाशीच्या बियाण्याच्या तक्रारी संगणकावर घेत. नोंदणी, पावती, शोध असे तीन प्रोग्राम. कोणत्या डेटाबेसला जोडायचं, हे तिन्ही प्रोग्राम एकाच फाइलीतून वाचत. ती फाइल फक्त तोच बदलायचा.

"काऊन, आम्हाले जमत नाही काय?" मी चिडायचो.

"जमते. म्हणूनच भेव वाटते."

आता अशा माणसाशी काय डोकं फोडायचं, तुम्हीच सांगा! तो रजेवर गेला की आमचे हात बांधलेले. वर डब्यातला ठेचा माझ्यापुढे सरकवणार, म्हणजे धड भांडताही यायचं नाही.

एका पावसाळ्यात नव्या पोरींना शिकवायला त्यानं ती फाइल सरावाच्या डेटाबेसकडे वळवली आणि परत फिरवायची विसरला. तिन्ही प्रोग्राम मजेत चालू, पावत्याही निघत होत्या. पण शेतात जाऊन पाहणी करणारं पथक खऱ्या डेटाबेसमधल्या यादीवरून निघायचं आणि तिथं एकही नवी तक्रार पोचत नव्हती.

मग रोहिणखेडची एक बाई पावती घेऊन आली.

"भाऊ, बियानं निघालंच नाही. तुमचे लोक पाह्यले येतीन म्हणून वावर मोडून वखरलं नाही म्या. ओल उडून चालली. दुबार कवा पेरू?"

त्यानं फाइल उघडली आणि त्याचा चेहरा पडला. मी चांगला झापणार होतो, पण तो आधीच उठला होता.

"माही चूक हाय, बाई. तुमची नाही, मशीनची नाही."

फाइल खऱ्या डेटाबेसकडे वळवून पथकाच्या साहेबाला त्यानं स्वतःच्या मोटारसायकलवर मागे बसवून रोहिणखेडला नेलं. पाहणी झाली, पण ओल गेली होती. त्या वर्षी बाईचं वावर पडीक राहिलं.

तेव्हापासून फाइलीत काही बदललं की तो मला हाक मारायचा. "ये बे, तू बी पाह्य. खराच डेटाबेस हाय ना?" मी कंटाळायचो. दहा वेळा तेच काय पाहायचं? तरी जायचो.

गेल्या उन्हाळ्यात तो वारला. फाइल आता माझ्याकडे आहे आणि मला तिचा राग येतो. काल एक ओळ बदलली आणि सवयीनं ओरडलो, "ये बे, तू बी पाह्य."

शेजारची खुर्ची रिकामी होती. मी पुन्हा एकट्यानंच वाचून पाहिलं.