सर्जनची निरगाठ

छापखान्याच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं कांदे चिरणाऱ्या माणसाला सगळे सर्जन म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं. हे नाव पडलं त्याच्या थाटामुळे. सुरीला हात लावण्याआधी स्वारी कोपरापर्यंत हात धुणार, फळी सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं अंथरणार, आणि मग कांद्याकडे असं बघणार की कांद्यालाच रडू फुटावं. बाइंडिंगवाले खिडकीतून ओरडायचे, "सर्जन, पेशंट वाचेल ना?" हा मान वर न करता म्हणायचा, "पेशंटचं सांगत नाही, नातेवाईक मात्र रडणार."

निवृत्त झाल्यावर त्याच्याकडे एवढंच काम उरलं. वर्षातून एकदा छापखान्याची सहल तळ्याकाठी जायची, साठ माणसांचा स्वयंपाक तिथेच चुलीवर व्हायचा, आणि कांदे सर्जनने चिरायचे. त्यासाठीचा फोन आला की पुढचा आठवडाभर त्याचे पाय जमिनीला लागत नसत. भाजीवालीलासुद्धा कळायचं की सहल जवळ आली, कारण हा कांदे निवडायचा नाही, मुलाखती घ्यायचा.

यंदा फोन आला, "येतो" म्हणून झालं, आणि ठेवता ठेवता फोन हातातून दोनदा निसटला. सहा महिन्यांपासून उजवा हात थरथरत होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि वर "वय झालं आता" हा सल्ला फुकट दिला होता. ही गोष्ट घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हती. घरातल्या घरातही नवराबायको त्या विषयाला वळसा घालून जात. त्याचा चहा ती आता अर्धाच कप ओतायची आणि म्हणायची, "दूध कमी होतं." तो म्हणायचा, "हल्ली रोजच कमी असतं." झालं, विषय संपला.

सहलीच्या आदल्या दुपारी त्याने सुरी बांधायला घेतली. सुरी न्यायची त्याची रीत ठरलेली होती आणि त्यात देवालाही सूट नव्हती. आधी पातं धुऊन अगदी कोरडं पुसायचं. टोकाला बाटलीचं बूच टोचायचं. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून त्यात पातं घालायचं, धारेच्या बाजूला आणखी एक जाड पट्टी. वरून रुमाल, रुमालावर सुतळी. मग ते बोचकं लांब डब्यात उभं, मूठ वर, म्हणजे आंधळ्याने हात घातला तरी हाताला मूठच लागावी. डबा पिशवीच्या मधोमध. आणि गाडीत चढताना चारचौघांना मोठ्याने सांगायचं, "पिशवीत सुरी आहे, जपून."

या सगळ्या सोपस्कारांचं मूळ त्याच्या बायकोच्या हाताला होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीला पठ्ठ्याने सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून केळ्यांच्या पिशवीत टाकली होती. नव्या नवरीने केळी काढायला हात घातला. तिचं उजव्या हाताचं पहिलं बोट तेव्हापासून वाकत नाही. भांडण कशावरूनही होवो, ते बोट आपोआप त्याच्यावर रोखलेलं असतं, आणि तो हरतो.

सुतळीला तो नेहमी सुरगाठ मारायचा. एक टोक ओढलं की मोकळी. पण यंदा थरथरत्या बोटांनी मारलेली सुरगाठ त्यालाच ढिली वाटली. वाटेत सुटली तर? कोणी हात घातला तर? त्याने निरगाठ मारली. तीवर दुसरी मारली. मग दातांत टोक धरून तिसरी.

"अहो, सुरी आहे की पळून जाणारा कैदी?" बायकोने विचारलं.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला?" तिने बोट पुढे केलं. त्याने बोचकं डब्यात उभं केलं.

तळ्याकाठी पोचेपर्यंत सगळं झकास झालं. गाडीत चढताना नेहमीची घोषणा झाली, नेहमीसारखे लोक हसले. चुली पेटल्या. कँटीनची नवी स्वयंपाकीण बटाटे सोलायला बसली. तिला सगळे मिक्सरताई म्हणत, कारण ती कँटीनमध्ये मिक्सरशिवाय पाऊल उचलत नसे. तिची सुरी दुकानातल्या प्लास्टिकच्या कव्हरात होती. टक्‌ करून कव्हर निघालं आणि कामाला सुरुवात. सर्जनने ते पाहून नाक मुरडलं, हात धुतले, फळीखाली फडकं अंथरलं, डब्यातून बोचकं काढलं आणि गाठीला हात घातला.

गाठ हलेना. वाटेत सुतळी दमट होऊन आवळली होती. नख आत शिरे, तेवढ्यात हात थरथरे आणि नख बाहेर. त्याने बोचकं मांडीआड घेतलं. बायको पदर सावरत शेजारी येऊन बसली, लोकांकडे पाठ करून. "इकडे द्या." तिने प्रयत्न केला. पण गाठ सोडवायला लागतं तेच बोट तिचं ताठ. दात लावावेत तर दोघांचेही पुढचे दात घरी वाटीत. साठ माणसांच्या मधोमध ती दोघं त्या बोचक्याकडे बघत बसली.

"मिक्सरताईला सांगू? एका फटक्यात कापेल."

"नको."

"मग काय करायचं?"

त्याने पुन्हा गाठीला नख लावलं.

"सर्जन, तेल तापलं!" चुलीवरून हाक आली. बाइंडिंगवाल्यांपैकी एक ओरडला, "पेशंटला भूल देताय का?" सगळे खदखदून हसले. सर्जनही हसला. हसताना त्याच्या हातातलं बोचकं फळीवर टकटक वाजत होतं. मिक्सरताईने आवाज ऐकून मान वळवली. आधी बोचकं पाहिलं, मग हात. ती उठून आली, आपल्या सुरीने तिने सुतळी कापली, पुठ्ठा सोडवला, बूच काढलं आणि म्हणाली, "घ्या काका."

आता सगळे बघत होते. त्याने कांदा फळीवर ठेवला आणि सुरी उचलली. सुरीचं टोक कांद्याच्या या बाजूला एकदा, त्या बाजूला एकदा टेकलं. हसणं थांबलं. बाइंडिंगवाला उगाच चुलीत लाकूड सारायला लागला.

सर्जनने सुरी फळीवर ठेवली. पुन्हा उचलली, या वेळी पात्याची पाठ धरून, धार आपल्याकडे आणि मूठ मिक्सरताईकडे. "धर. सुरी द्यायची ती अशी, मूठ पुढे करून. ध्यानात ठेव."

"हो काका," ती म्हणाली. मूठ तिच्या हातात गेली तरी पातं त्याच्या बोटांतून लगेच सुटलं नाही.

तिने कांदे भराभर चिरले. जाड चिरले. तो "बारीक, बारीक" म्हणत राहिला आणि ती "हो काका, हो काका" म्हणत जाडच चिरत राहिली. जेवण सगळ्यांना आवडलं, हे त्याला जास्त लागलं.

निघताना मिक्सरताईने सुरी धुऊन, पुसून परत आणली. त्याने पुठ्ठा हातात घेतला, दोनदा दुमडायला गेला, दोन्हीदा तो खाली पडला. "राहू दे तुझ्याकडेच," तो म्हणाला. "पण त्या प्लास्टिकमध्ये कोंबू नकोस." तिने बूच टोकाला टोचलं आणि पातं पुठ्ठ्यात घातलं. धारेची पट्टी मात्र चुकीच्या बाजूला बसली. त्याने सांगितलं. तिला गाडीच्या गलक्यात ऐकू आलं नाही.

गाडीत चढताना बायको पुढे होती, हातात रिकामा डबा असलेली पिशवी. गर्दीत कोणाचा तरी धक्का लागला.

"पिशवीत सुरी आहे, जपून!" सर्जन मागून ओरडला.

लोक बाजूला झाले. बायकोने वळून पाहिलं, पण बोट काही उगारलं नाही. पिशवी छातीशी धरून ती जपून वर चढली.